सप्लाय कुठवर आलाय?

आपल्याकडे वीज गेली की पहिली कृती ठरलेली असते. गॅलरीत जायचं आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये दिवे आहेत का ते बघायचं. तिकडेही अंधार असेल तर महावितरणची वीज गेली. मेणबत्ती लावून बसायचं. तिकडे उजेड असेल तर भानगड आपल्याच घरात; मग स्टूल घेऊन मेन स्विचपाशी जायचं. लहानपणापासून हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की आपण निदान करतोय हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. पण ते निदानच असतं, आणि फार चांगल्या जातीचं. एका नजरेत प्रश्नाचे दोन तुकडे होतात आणि त्यातला एक लगेच बाद होतो.

मोटरहोमला समोरची बिल्डिंग नसते. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेल्या चोवीस फुटांच्या त्या घरात वीज तयार करणारा, साठवणारा, वाटणारा, दुरुस्त करणारा आणि वापरणारा एकच असतो. शेजारच्या गाडीत दिवा जळतोय यावरून आपल्याला काहीही कळत नाही. म्हणून ती गॅलरीतली नजर आत वळवावी लागते आणि एकाच गाडीच्या पोटात पुन्हा पुन्हा विचारावं लागतं: इथपर्यंत आहे का? बरं, आणि इथपर्यंत?

नवरा आणि मी हिवाळ्यात अ‍ॅरिझोनातल्या क्वार्टझसाइटला जाऊन राहतो. आंतरराज्य १० आणि हायवे ९५ जिथे एकमेकांना छेदतात तिथलं हे वाळवंटी गाव. कायमची वस्ती दोन-अडीच हजारांची, पण थंडी सुरू झाली की उत्तरेकडून आरव्हींची, म्हणजे मोटरहोमसारख्या राहत्या गाड्यांची, रीघ लागते आणि गावाबाहेरच्या सरकारी जमिनीवर नजर पोचेल तिथपर्यंत पांढरी छपरं दिसू लागतात. ही जमीन ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटची. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात परवाना काढून तिथे मुक्काम टाकता येतो. वीज-पाण्याची जोडणी मिळत नाही. गावच्या दफनभूमीत एक छोटा दगडी पिरॅमिड आहे आणि त्याच्या टोकावर तांब्याचा उंट. अमेरिकन सैन्याने १८५६ मध्ये उंट आणले तेव्हा त्यांच्याबरोबर आलेला हाजी अली नावाचा उंटवाला तिथे पुरला आहे; इथल्या लोकांच्या तोंडी त्याचं ‘हाय जॉली’ झालं. दर वर्षी मी त्या उंटाला बघून येते. आपला साठा आपल्याच अंगावर घेऊन इथवर आलेल्यांचं हे गाव आहे, आणि ते मला फार आवडतं.

बिघाडाकडे वळण्याआधी या घरातली वीज कशी खेळते ते सांगायला हवं, कारण ते डोक्यात स्पष्ट नसलं की माणूस रात्रभर चुकीच्या टोकाला धडपडतो.

मोटरहोममध्ये विजेची दोन राज्यं असतात. एक १२० व्होल्ट एसीचं. कॅम्पग्राउंडच्या खांबावरून किंवा जनरेटरमधून ते येतं आणि एअर कंडिशनर, मायक्रोवेव्ह, भिंतीवरचे प्लग त्यावर चालतात. दुसरं १२ व्होल्ट डीसीचं, बॅटरीवरचं. दिवे आणि पाण्याचा पंप त्यावर चालतात हे नव्या माणसालाही कळतं. पण हीटर प्रोपेन गॅसवर असला तरी त्याचा पंखा आणि बोर्ड १२ व्होल्टवर असतात. फ्रीज गॅसवर लावला तरी त्याच्या गॅसचा व्हॉल्व्ह उघडा ठेवणाऱ्या बोर्डाला १२ व्होल्ट लागतात. गिझरची ठिणगी त्याच १२ व्होल्टवर, गॅसगळतीचा अलार्म त्यांच्यावरच. म्हणजे टाकी गॅसने काठोकाठ भरलेली असूनही १२ व्होल्ट गेले की ऊब, अन्न, पाणी सगळं एका झटक्यात थांबतं. आपल्या घरातल्या सवयीने आपण मोठ्या व्होल्टेजला मान देतो. इथे घर जगवणारं राज्य धाकटं आहे.

त्या धाकट्या राज्यातही दोन घरं. इंजिन चालू करणारी गाडीची बॅटरी वेगळी आणि राहत्या भागाची वेगळी. आमच्या राहत्या भागाला गोल्फ कार्टच्या ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून १२ केलेले आहेत. दोन्ही घरांमध्ये एक रिले, म्हणजे विजेनेच चालू-बंद होणारा स्विच. इंजिन चालू असताना तो दोघांना जोडतो, म्हणजे ऑल्टरनेटरवर, इंजिनाच्या जोरावर वीज तयार करणाऱ्या यंत्रावर, दोन्ही बॅटऱ्या भरतात. इंजिन बंद झालं की तोडतो, म्हणजे रात्री दिवे जाळून सकाळी गाडी चालू होईना असं होत नाही. छपरावर सोलर पॅनेल आहेत आणि त्यांच्या कंट्रोलरच्या वायरी थेट राहत्या भागाच्या बॅटरीच्या दोन टोकांना गेल्या आहेत. हा शेवटचा तपशील पुढे कामाला येणार आहे.

तर जानेवारीतल्या एका संध्याकाळी, सूर्य डोंगराआड गेल्यावर, हीटरचा पंखा रडका होत होत थांबला. दिवे लाल झाले आणि गेले. पंप गप्प, फ्रीजचा पॅनेल काळा, दारावरची पायरी बाहेर आलेली ती आत जाईना. वाळवंटात दिवसा स्वेटर नको असतो आणि पहाटे पारा ५ अंशांच्या आसपास येतो, तेव्हा हे लगेच बघणं भाग होतं.

क्वार्टझसाइटला कुणाच्या गाडीचं बॉनेट उघडलं की आजूबाजूचे जमतात. बहुतेक निवृत्त, हाताने काम करत आलेले, मनापासून मदत करणारे. ‘बॅटऱ्या गेल्या तुमच्या,’ असं एकाने सांगितलं. दुसऱ्याच्या मते १२० व्होल्टचे १२ करणारा कन्व्हर्टर गेला होता. तिसरा स्वतःकडची जादा बॅटरी उचलून आणायला निघाला. मी सगळ्यांचे आभार मानले आणि म्हटलं, थोडा वेळ द्या, आधी बघू.

राहत्या भागाची बॅटरी सगळी कापून टाकणारा एक स्विच दाराजवळ असतो, येताजाता धक्का लागून तो बंद होतो आणि लोक तासन्‌तास फ्यूज तपासत बसतात. तो चालूच होता. मग बॅटरीची पेटी उघडून मीटर लावला. १२.७ व्होल्ट. लेड-अ‍ॅसिड बॅटरीत १२ व्होल्टना सहा सेल, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्ट, विसावलेल्या स्थितीत १२.६-१२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. म्हणजे आमची बॅटरी काठोकाठ भरलेली होती. दिवसभर सोलरने तिला भरवलं होतं आणि ते तिच्यातून कुणालाच मिळत नव्हतं.

मग नवऱ्याला म्हटलं, इंजिन चालू कर. केलं, आणि घरातले सगळे दिवे लख्ख लागले. पंखा फिरला, पंप खडखडला. बाहेर टाळ्या पडल्या. ‘बघितलंत? बॅटऱ्याच गेल्या आहेत.’ इंजिन बंद केलं आणि पुन्हा अंधार.

इथे माझी उत्सुकता खरी चाळवली. जनरेटर लावला असता तरी असंच झालं असतं: कन्व्हर्टरने १२० चे १२ करून दिवे लावले असते आणि बॅटरीवरचा संशय आणखी पक्का झाला असता. याच टप्प्यावर माणसं नव्या बॅटऱ्या विकत आणतात, बसवतात आणि पुन्हा अंधारात बसतात. पण इंजिनाने सांगितलं होतं त्यापेक्षा बरंच जास्त. फ्यूजच्या पेटीपासून पुढचं सगळं घर धडधाकट आहे हे त्याने सांगितलं होतं. दोष बॅटरी आणि उरलेलं घर यांच्यामधल्या थोड्याशा वाटेत आहे, आणि इंजिनाकडून येणारी वीज ती वाट टाळून येते आहे. समोरची बिल्डिंग सापडली होती.

माझा एक मामा कराडजवळ हायवेला ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान चालवायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथे पडीक असे. ट्रकखाली झोपून काम करणाऱ्या पोराला तो वरून ओरडून एकच विचारायचा, “सप्लाय कुठवर आलाय?” ‘काय बिघडलंय’ असं तो कधीही विचारायचा नाही. त्या दुकानात मीटर होता, काचेच्या कपाटात. रोजच्या कामाला टेस्ट लॅम्प: होल्डरात बसवलेला गाडीचा बल्ब, त्याच्या दोन वायरी, एकीला क्लिप आणि दुसरीला टोकदार सळई. तसाच एक मी इथे करून ठेवला आहे, ५५ वॅटच्या हेडलाइटच्या बल्बचा. तो साडेचार अँपिअर ओढतो, म्हणून गाडीच्या संगणकाच्या बारीक वायरींना तो कधी लावायचा नाही. पण बॅटरीच्या जाड केबलींना त्याच्यासारखा साक्षीदार नाही.

घरातले सगळे फ्यूज काढले आणि फ्यूजच्या पेटीत येणाऱ्या दोन मुख्य केबलींवर मीटर धरला. १२.६. शेजारच्या काकांनी टॉर्च धरला होता, ते म्हणाले, येतोय की सप्लाय. मग मीटर तसाच ठेवून त्याच दोन टोकांना टेस्ट लॅम्प लावला. बल्ब पेटला नाही, आणि मीटरवरचा आकडा शून्याजवळ जाऊन बसला. लॅम्प काढला, पुन्हा १२.६.

यातच सगळं आहे, म्हणून इथे थोडं थांबते. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओम, म्हणजे १ कोटी ओम. तो मोजताना जेमतेम सव्वा मायक्रोअँपिअर प्रवाह घेतो. तेवढा प्रवाह कुजलेल्या केबलच्या शेवटच्या एका तारेतूनही आरामात जातो. समजा एखाद्या सांध्यात गंजामुळे ५० ओमचा अडथळा तयार झाला आहे. मीटरच्या १ कोटीपुढे ५० म्हणजे काहीच नाही, म्हणून मीटर प्रामाणिकपणे पूर्ण व्होल्टेज दाखवतो. पण ५५ वॅटच्या पेटलेल्या बल्बचा रोध सुमारे २.६ ओम. त्याच्या वाट्याला १२ पैकी जेमतेम अर्धा व्होल्ट येतो, उरलेले साडेअकरा त्या सांध्यातच संपतात. मीटर खोटं बोलत नसतो. कुणी काही मागत नसताना काय परिस्थिती आहे एवढंच तो सांगतो. आणि घराला तर सतत काहीतरी लागत असतं. काम चालू असताना मोजलेला आकडा तेवढाच मी खरा धरते, आणि विजेपुरतं मर्यादित नसावं असं मला हे अनेकदा वाटलं आहे.

आता वाटेचे दोन भाग उरले: जाणारी आणि परत येणारी. लॅम्पची एक वायर फ्यूजपेटीच्या प्लसला ठेवली आणि दुसरीला लांब वायर जोडून ती थेट बॅटरीच्या मायनसला नेली. बल्ब डोळे दिपतील असा पेटला. जाणारी वाट निर्दोष. मग बॅटरीचा प्लस आणि गाडीचा लोखंडी सांगाडा यांच्यामध्ये लॅम्प धरला. काळाठिक्कर. गाडीत परतीची वायर प्रत्येक दिव्यापासून बॅटरीपर्यंत वेगळी ओढत नाहीत. सांगाडाच परतीचा रस्ता असतो (मामाच्या भाषेत अर्थिंग), आणि बॅटरीच्या मायनसपासून एक जाड केबल त्याला बोल्टने आवळलेली असते. खात्रीसाठी घरातले फ्यूज परत बसवून दिवे चालू स्थितीत ठेवले आणि मीटर त्या केबलच्या दोन टोकांना लावला, एक बॅटरीच्या मायनसवर आणि एक सांगाड्यावर. चांगल्या केबलवर इथे शून्य पूर्णांक काहीतरी यायला हवं. आले १२.३. अख्ख्या घराची वीज त्या हातभर केबलमध्ये खर्ची पडत होती.

इंजिन चालू असताना दिवे का लागले हेही आता उघड झालं. तेव्हा प्रवाह ऑल्टरनेटरमधून येऊन सांगाड्यातूनच ऑल्टरनेटरकडे परतत होता. ही मोडकी केबल त्याच्या वाटेत नव्हतीच. आणि सोलरच्या वायरी बॅटरीच्या टोकांना थेट असल्यामुळे बॅटरी भरत राहिली होती.

एक गोष्ट आपल्याकडून इकडे आलेल्या आणि हौसेने हातात पकड घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, ती इथेही लिहून ठेवते. आपल्याकडे घराच्या वायरिंगमध्ये काळी वायर म्हणजे न्यूट्रल. अमेरिकेत घरगुती १२० व्होल्टमध्ये काळी म्हणजे जिवंत आणि पांढरी न्यूट्रल. गाडीच्या १२ व्होल्टमध्ये काळी म्हणजे मायनस. आणि मोटरहोमच्या राहत्या भागात १२ व्होल्टची पांढरी बऱ्याचदा मायनस असते आणि काळी प्लस. इकडच्या या तिन्ही चाली एकाच गाडीत, कधीकधी एकाच कप्प्यात, शेजारी शेजारी असतात. रंगावर विश्वास ठेवायचा नाही. खांबाचा प्लग काढायचा, जनरेटर आणि इन्व्हर्टर बंद करायचे आणि मोजायचं. १२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून तिथेही निर्धास्त राहायचं नाही. बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर तो लालबुंद होतो, आणि बोटात अंगठी असेल तर बोट जातं. बांगड्या-अंगठ्या आधी उतरवून ठेवायच्या.

केबल दिसायला धडधाकट होती. वरचं काळं आवरण कुठेही फाटलेलं नव्हतं, बोल्ट घट्ट होता. बॅटरीचं टोक सोडवून केबल वाकवली तेव्हा लगशेजारी, म्हणजे टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीजवळ, आतून कुरकुर असा आवाज आला. आवरण चिरलं तर तांबं उरलंच नव्हतं म्हणावं इतकं कमी. हिरवी-निळसर पूड आणि काळे पडलेले तंतू. बॅटरीतून निघणारी आम्लाची वाफ लगच्या सांध्यातून आत शिरते आणि बारीक तारांच्या फटींमधून ओलावा केबलमध्ये चढत जातो. वरून पत्ता लागत नाही. दुसऱ्या टोकाची अवस्थाही बरी नव्हती. बोल्ट पायरीजवळ, चाकाने उडवलेलं सगळं झेलणाऱ्या जागी होता आणि लग सांगाड्याच्या रंगावरच बसवलेला होता. गाडी आम्ही ओहायोतून जुनी घेतली आहे. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ असल्या बोल्टांना पोखरत राहतं.

याबद्दल मला खरोखर राग आहे. बहुतेक अमेरिकन आरव्ही इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपास बांधल्या जातात आणि भपका सगळा आत असतो: लाकडी कपाटं, रंग बदलणारे दिवे. ज्या एका बोल्टमधून अख्ख्या घराची वीज परतते तो कुठे असावा, रंग खरवडून मग बसवावा, वर्षातून एकदा हात पोचेल असा असावा, याचा विचार अनेक गाड्यांमध्ये कुणी केलेला दिसत नाही.

रात्रीपुरता उपाय सोपा होता. जंपर केबलचा एक चिमटा बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरा सांगाड्यावर, खरवडून चकचकीत केलेल्या जागी. दुसरा चिमटा टेकला आणि आतून हीटरचा पंखा सुरू झाल्याचा आवाज आला. शेजारचे काका टॉर्च बंद करून म्हणाले की पन्नास वर्षं गाड्या चालवतोय, पण मायनसकडे आधी बघायचं कधी सुचलं नव्हतं. त्यांना मी लॅम्प हातात देऊन सगळी परीक्षा पहिल्यापासून करून दाखवली. त्यांनीही मग आपल्या गाडीवर करून बघितली. त्यांची ठीक निघाली.

दुसऱ्या दिवशी गावात नवी केबल करून घेतली, दोन्ही टोकांचे लग दाबयंत्राने दाबून आणि वर चिकट आवरण गरम करून बसवलेलं. सांगाड्याची जागा तारेच्या ब्रशने उघड्या लोखंडापर्यंत घासली, दातेरी वॉशर घातला, आवळला आणि मग वरून ग्रीस. आधी ग्रीस लावून आवळायचं नाही. बॅटरीची टोकं खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली. सेलमध्ये थेंब जाणार नाही याची काळजी घेऊन. सगळे दिवे, पंप आणि पंखा एकदम चालू करून केबलच्या दोन टोकांमध्ये मोजलं: ०.०३ व्होल्ट.

कराडात तेव्हा पहाट झाली असेल असा हिशेब करून संध्याकाळी मामाला फोन लावला. अ‍ॅरिझोना भारताच्या साडेबारा तास मागे, म्हणजे घड्याळाचे काटे जवळजवळ तिथेच, फक्त दिवस-रात्र उलट. दुकान आता नाही, पण ऐकण्याची पद्धत तीच. मी सांगत गेले आणि तो मधेमधे फक्त “बरं, पुढं?” म्हणत गेला. इंजिन चालू केल्यावर दिवे लागले हे सांगितलं तेव्हा मात्र तो मला थांबवून म्हणाला, “अर्थिंग गं. आणि काय असणार?”

“ते तुला इथे न येता कळलं. मला लॅम्प लावावा लागला.”

“लावायलाच पाहिजे. मला वाटलं म्हणून काय झालं? केबल केवढी घातलीस?”

“इकडच्या मापाने दोन नंबर. आपली पस्तीस स्क्वेअर एमएम धर.”

“चालेल. आणि इंजिनपासून चॅसीला गेलेली पट्टी बघितलीस?”

ती विणलेली, चपटी, तांब्याची पट्टी. तीच मीठ खात आलेली. ती गेली तर स्टार्टरचा प्रवाह परतीचा रस्ता शोधत भलत्या वायरींमधून जायला लागतो.

“नाही बघितली अजून.”

“मग फोन ठेव आणि बघ. दिवस आहे का तिकडे?”

अर्धा तास उजेड होता. नवऱ्याला सेल मारायला बसवलं आणि मीटर घेऊन मी गाडीखाली गेले.